कोरडेपणा मोजायचा कसा? शुष्कता निर्देशांक, पीईटी आणि नेहमीचे घोळ

कोरडवाहू

वनस्पतींचं वितरण, मातीतला कार्बन, वाळवंटीकरण, विषय कुठलाही असो, संशोधनाच्या तक्त्यात 'शुष्कता' नावाचा एक स्तंभ हमखास सापडतो. तो कुठल्या सूत्राने काढला असं विचारलं तर बऱ्याचदा "तयार फाइल उतरवून घेतली" एवढंच उत्तर मिळतं. त्या स्तंभात काय काय दडलेलं असतं, यासाठी हा धागा.

मुळात शुष्कता म्हणजे कमी पाऊस नव्हे. वर्षाला ६०० मिमी पाऊस सरासरी १० अंश सेल्सिअसच्या ठिकाणी पडला तर तिथे झाडोरा दाट होऊ शकतो. तोच पाऊस २५ अंशांच्या ठिकाणी पडला तर गवत आणि काटेरी झुडपांवर भागतं. पाणी आलं किती आणि हवेने मागितलं किती, असा हा दोन बाजूंचा हिशेब आहे.

यातला सर्वात सोपा हिशेब दे मार्तोनचा, १९२६ सालचा: वार्षिक पाऊस (मिमी) भागिले (सरासरी तापमान + १०). वरच्या दोन ठिकाणांना अनुक्रमे ३० आणि १७.१ येतात. १० च्या खाली शुष्क, १० ते २० निमशुष्क. तो अधिकचा १० उगीच नाही. त्याआधीच्या लांगच्या सूत्रात नुसतं पाऊस भागिले तापमान होतं, त्यामुळे शून्य अंशाच्या आसपास आकडा आभाळाला भिडायचा आणि शून्याखाली चक्क उणे व्हायचा.

आज सगळीकडे चालतो तो शुष्कता निर्देशांक म्हणजे वार्षिक पाऊस भागिले संभाव्य बाष्पपर्णोत्सर्जन, पुढे नुसतं पीईटी म्हणू. पाण्याची ददात नसती तर जमीन आणि झाडं मिळून हवेत जेवढं पाणी सोडू शकली असती, ते पीईटी. ०.०५ च्या खाली अतिशुष्क, ०.२० पर्यंत शुष्क, ०.५० पर्यंत निमशुष्क, ०.६५ पर्यंत कोरडा उपआर्द्र, त्यापुढे आर्द्र. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या वाळवंटीकरणविरोधी करारातली कोरड्या प्रदेशांची व्याख्या ०.०५ ते ०.६५ अशी आहे. म्हणजे खरी अतिशुष्क वाळवंटं त्या व्याख्येबाहेर राहतात. लेखात 'कोरडे प्रदेश' लिहिताना अतिशुष्क धरला की वगळला, हे एका ओळीत सांगून टाकावं.

आकडा वाढला की ओलावा वाढतो, हेही पक्कं लक्षात ठेवा. नाव शुष्कता निर्देशांक आणि चाल उलटी.

नवशिकी

पाऊस मोजता येतो, पण पीईटी तर कल्पनेतली राशी झाली. ती कशी काढतात? आणि दोन वेगळ्या पद्धतींनी काढली तर उत्तर किती बदलतं?

पर्णरंध्र

खरी मेख तिथेच आहे. पाऊस सगळे जवळपास सारखाच घेतात, भांडण होतं ते भाजकावर.

तीन पायऱ्या धरा. नुसतं सरासरी तापमान असेल तर थॉर्नथ्वेट (१९४८). कमाल आणि किमान तापमान असेल तर हारग्रीव्ज (१९८५). तापमान, आर्द्रता, वारा आणि सौर प्रारण असं सगळं असेल तर पेनमन–माँटिथ, तेही एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतल्या स्वरूपात. त्यात ०.१२ मीटर उंचीचं, ७० सेकंद प्रतिमीटर पृष्ठरोधाचं (बाष्प बाहेर पडायला पानं जेवढा अडथळा करतात तो), ०.२३ परावर्तनाचं एक काल्पनिक हिरवं गवत धरलेलं असतं.

थॉर्नथ्वेटला वारा दिसत नाही, हवेचा कोरडेपणाही दिसत नाही. त्यामुळे रखरखीत, वाऱ्याच्या ठिकाणी तो पीईटी बराच कमी दाखवतो. शिवाय महिन्याची सरासरी २६.५ अंशांच्या वर गेली की मूळ घातांकाचं सूत्र चालत नाही, तिथे वेगळं समीकरण लागतं: उणे ४१५.८५ अधिक ३२.२४ गुणिले तापमान, वजा ०.४३ गुणिले तापमानाचा वर्ग. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये ही फांदी विसरली जाते आणि उष्ण महिन्यांचे आकडे वेडेवाकडे येतात.

हारग्रीव्ज हाताने करून बघण्यासारखा आहे. कमाल ३६, किमान २२, म्हणजे सरासरी २९ आणि फरक १४. वातावरणाच्या माथ्यावर येणारं प्रारण समजा रोज ३८ मेगाज्यूल प्रति चौरस मीटर. ते ०.४०८ ने गुणून पाण्याच्या मिमीत आणायचं: १५.५. मग ०.००२३ × १५.५ × (२९ + १७.८) × १४ चं वर्गमूळ. उत्तर दिवसाला ६.२ मिमी. ०.४०८ ने गुणायचं राहिलं तर उत्तर १५.३ मिमी येतं. एका जागेचा आकडा असेल तर चूक लगेच डोळ्यांत भरते, पण हजारो चौकटींच्या रास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक चौकटीत एक आकडा असलेल्या नकाशात, कोणाच्या लक्षात येत नाही. दिवसाला १०–१२ मिमीच्या वरची मासिक सरासरी दिसली की आधी एकक तपासा.

हारग्रीव्जची खोड अशी की तो कमाल-किमान तापमानातल्या फरकावरून ढगाळपणा आणि आर्द्रता ताडतो. समुद्रकाठी हा फरक मुळात कमी असतो आणि खोल दरीच्या तळाशी रात्री थंड हवा साचून तो वाढतो. दोन्हीकडे त्याचा अंदाज घसरतो. जवळपास एखादं पूर्ण उपकरणांचं केंद्र असेल तर तिथे पेनमन–माँटिथशी ताडून स्थानिक गुणक काढावा आणि तोच आसपासच्या केंद्रांना लावावा.

मृगजळ

पर्णरंध्र यांच्या म्हणण्याला जोडून एक गोष्ट, जी क्वचितच कोणी लिहितं. वरच्या ०.०५, ०.२०, ०.५०, ०.६५ या सीमा १९९२ च्या जागतिक वाळवंटीकरण नकाशासंग्रहातून आल्या आणि तिथे पीईटी थॉर्नथ्वेटचं होतं. आज आपण पेनमन–माँटिथचं पीईटी घालतो आणि सीमा मात्र त्याच ठेवतो. भाजक मोठा झाला की गुणोत्तर लहान होतं, म्हणजे हवामान तसूभरही न बदलता नकाशावर शुष्क पट्टा रुंदावतो. दोन काळांची तुलना करताना जुना नकाशा एका सूत्राचा आणि नवा दुसऱ्या सूत्राचा असेल, तर दिसणारं 'वाळवंटाचं आक्रमण' निम्मं-अधिक सूत्राचंच असू शकतं.

१९७९ च्या युनेस्कोच्या नकाशात पेनमनचं सूत्र होतं आणि सीमाही वेगळ्या होत्या: ०.०३, ०.२०, ०.५०, ०.७५. सूत्र आणि सीमा ही जोडी आहे, ती फोडू नये.

नकाशेवाला

तयार रास्टर वापरणाऱ्यांसाठी, प्रत्यक्षात कुठे ठेच लागते ते.

सीजीआयएआर-सीएसआय या कृषी संशोधन गटाचा जागतिक शुष्कता निर्देशांक, तिसरी आवृत्ती: ३० कमानसेकंदांची चौकट, विषुववृत्ताजवळ साधारण एक किलोमीटर. १९७०–२००० ची सरासरी, पीईटी पेनमन–माँटिथचं. जागा वाचवायला किमती १०,००० ने गुणून पूर्णांकात ठेवल्या आहेत. ३५०० दिसलं तर ते ०.३५. भागायचं राहिलं तर प्रतिगमनाचा (रिग्रेशनचा) सहगुणक दहा हजारपट लहान येतो आणि "परिणाम नगण्य" असा निष्कर्ष निघतो, असा विनोद खरोखर होऊ शकतो.

वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान नकाशांच्या संचाच्या पहिल्या आवृत्तीत तापमान १० ने गुणलेलं होतं, दुसरीत तसं नाही. जुना कोड नव्या फाइलवर चालवला की २५ अंशांचे २.५ होतात. दुसऱ्या आवृत्तीतलं सौर प्रारण किलोज्यूलमध्ये आहे, मेगाज्यूलमध्ये नाही, आणि पेनमन–माँटिथला लागतं मेगाज्यूल. बाष्पदाब किलोपास्कलमध्ये आहे, तो तसाच घ्यावा.

ईआरए५-लँड या तासागणिक हवामान आकड्यांच्या जागतिक संचाचा तर स्वतंत्र धागा होईल. तासागणिक पाऊस आणि बाष्पीभवन हे त्या तासाचं नसतं, ००:०० यूटीसीपासून साचत आलेली बेरीज असते. म्हणून संपूर्ण दिवसाची बेरीज दुसऱ्या दिवशीच्या ००:०० च्या नोंदीत मिळते. चोवीस तासांच्या नोंदींची बेरीज केली तर पाऊस कित्येक पट फुगतो. एकक मीटर आहे, मिमी नव्हे. मासिक सरासरीच्या फाइलमध्ये ते दिवसाला मीटर असतं, तेव्हा महिन्याच्या दिवसांनीही गुणायचं. जमिनीकडून हवेकडे जाणारं बाष्पीभवन उणे चिन्हाने येतं. आणि सर्वात घातक म्हणजे त्यातला 'संभाव्य बाष्पीभवन' हा तयार चलक. तो मोकळ्या पाण्याच्या पृष्ठभागासाठी काढलेला आहे, संदर्भ गवतासाठी नाही. कोरड्या भागात तो अवाच्या सवा मोठा येतो. तापमान, दवबिंदू, वारा, प्रारण घ्या आणि पीईटी स्वतः काढा.

वारा १० मीटरवरचा असतो आणि सूत्राला लागतो २ मीटरवरचा. १० मीटरसाठी ०.७४८ ने गुणा. ही पायरी गाळली तर वाऱ्याचा वाटा तिपटीने नव्हे, पण तिसऱ्या हिश्श्याने नक्की फुगतो.

नवशिकी

३० वर्षांची आकडेवारी असेल तर दरवर्षी निर्देशांक काढून सरासरी घ्यायची, की आधी पाऊस आणि पीईटीची सरासरी काढून मग भागायचं?

कोरडवाहू

दुसरं. ३० वर्षांचा एकूण पाऊस भागिले ३० वर्षांचं एकूण पीईटी. गुणोत्तरांची सरासरी आणि सरासरींचं गुणोत्तर एक नसतात. अपवादाने ओल्या वर्षी पाऊस जास्त, ढग जास्त, म्हणून पीईटी कमी. दोन्ही बाजूंनी गुणोत्तर उसळतं आणि सरासरीला ओल्या बाजूला ओढतं. महिन्याच्या पातळीवर तर हे मुळीच करू नये. थंड प्रदेशात हिवाळ्याचं पीईटी ३–४ मिमी असतं, त्याने ४० मिमी भागले की निर्देशांक १० च्या वर. तो एक महिना अख्खं वर्ष आर्द्र ठरवतो.

मृगजळ

आता थोडा वाद. वार्षिक पाऊस भागिले वार्षिक पीईटी हा आकडा झाडाला माहीत नसतो. झाडाला कळतं ते पाणी कधी आलं. कागदावर करून पाहा.

दोन जागा घ्या. दोन्हीकडे वर्षाचा पाऊस ६००, पीईटी १२००, निर्देशांक ०.५. मातीत झाडांना उपसता येईल असं पाणी जास्तीत जास्त १०० मिमी मावतं. दोन्हीकडे वर्षाचे दोन ऋतू: थंड ऋतूचं पीईटी ३००, उष्ण ऋतूचं ९००.

पहिल्या जागी सगळा पाऊस थंडीत. ६०० आले, हवेने ३०० नेले, १०० मातीत मुरले, उरलेले २०० वाहून गेले. उन्हाळ्यात पाऊस शून्य, झाडांच्या हाती ते साठलेले १०० फक्त. वर्षभरात प्रत्यक्ष बाष्पपर्णोत्सर्जन ४०० आणि तूट ८००.

दुसऱ्या जागी सगळा पाऊस उन्हाळ्यात. ६०० आले, हवेला ९०० हवे होते, सगळेच्या सगळे ६०० तिने नेले. थंडीत पाऊस नाही, साठा नाही. प्रत्यक्ष ६००, तूट ६००.

निर्देशांक दोन्हीकडे ०.५ च. पण एका जागी झाडांतून ४०० मिमी पाणी गेलं आणि दुसऱ्या जागी ६००. पहिल्या जागी कडक पानांची, खोल मुळांची झुडपं तग धरतील, दुसरीकडे उन्हाळ्यात हिरवं होऊन थंडीत वाळणारं गवत. म्हणून परिस्थितिकीच्या कामात प्रत्यक्ष बाष्पपर्णोत्सर्जन आणि हवामानी जलतूट, म्हणजे पीईटी वजा प्रत्यक्ष, ही दोन चलकं एकत्र घ्यावीत. एक उत्पादकता सांगतं, दुसरं ताण.

पर्णरंध्र

मान्य. हे मासिक आकड्यांवर स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर पद्धत अशी.

महिन्याचा पाऊस पीईटीपेक्षा जास्त असेल तर प्रत्यक्ष = पीईटी. उरलेलं पाणी साठ्यात घालायचं, साठ्याची मर्यादा ओलांडली तर जादा भाग अपवाह, म्हणजे वाहून गेलेलं पाणी, म्हणून बाजूला. पाऊस कमी असेल तर साठ्यातून उपसायचं, पण सरळ वजाबाकीने नाही, कारण माती सुकत जाते तसं पाणी अधिक घट्ट धरून ठेवते. उपसा = साठा × (१ − ई चा घात (−कमतरता ÷ क्षमता)). इथे ई म्हणजे २.७१८, कमतरता म्हणजे पीईटी वजा पाऊस, क्षमता म्हणजे साठ्याची मर्यादा. साठा १००, क्षमता १००, कमतरता ८० असेल तर ८० नाही, ५५ मिमी निघतात. मृगजळ यांच्या उदाहरणात या सूत्राने पहिल्या जागेचे १०० पूर्ण निघणार नाहीत, पण निष्कर्ष तोच राहील.

सुरुवातीचा साठा किती धरायचा हा प्रश्न हमखास अडतो. कुठलाही आकडा धरा, तेच बारा महिने लागोपाठ दोन-तीनदा चालवा आणि डिसेंबरचा साठा जानेवारीला जोडत राहा. आकडे स्थिर झाले की शेवटची फेरी वापरा.

क्षमतेसाठी पोत आणि मुळांची खोली दोन्ही लागतात. एफएओच्या तक्त्यात एक मीटर खोलीला वाळूत ५० ते ११० मिमी, दुमट मातीत १३० ते १८०, चिकणमातीत १२० ते २०० असे पल्ले आहेत. खडकावर ३० सेंमी माती असेल तर वरच्या आकड्यांचा तिसरा हिस्सा. सगळीकडे डोळे झाकून १५० मिमी धरलं की उथळ जमिनीवरची तूट कमी दिसते. बर्फाच्या प्रदेशात पाऊस आणि बर्फ वेगळे करून वितळण्याचा महिना पुढे ढकलावा लागतो, नाहीतर हिवाळ्यातलं पाणी हिवाळ्यातच वाहून गेल्यासारखं दिसतं.

बाष्पदाब

सगळे पाऊस आणि पीईटीवरच थांबले. पानाच्या छिद्राला रोज भिडते ती हवेची तहान, म्हणजे बाष्पदाब तूट, सगळ्यांच्या तोंडी व्हीपीडी. संपृक्त बाष्पदाब वजा प्रत्यक्ष बाष्पदाब. संपृक्त दाबाचं सूत्र: ०.६१०८ × ई चा घात (१७.२७ × ता ÷ (ता + २३७.३)), ता म्हणजे सेल्सिअसमधलं तापमान, उत्तर किलोपास्कलमध्ये.

नेहमीची चूक: सरासरी तापमान घालून एकदाच काढणं. हा वक्र वर जाताना अधिकाधिक चढा होतो, त्यामुळे सरासरीचा दाब हा दाबांच्या सरासरीपेक्षा नेहमी कमी येतो. कमाल ३६ ला ५.९४, किमान २२ ला २.६४, दोघांची सरासरी ४.२९. सरळ २९ अंशांना काढलं तर ४.०१. दवबिंदू १७ अंश असेल तर प्रत्यक्ष दाब १.९४. म्हणजे खरी तूट २.३५ आणि आळशी पद्धतीची २.०७.

दुसरी चूक याहून मोठी. आर्द्रतेची नोंद नसली की दवबिंदू = किमान तापमान असं धरतात. ओल्या हवेत पहाटे दव पडतं, तिथे ठीक. कोरड्या जागी रात्रीही हवा संपृक्त होत नाही. वरच्या उदाहरणात दवबिंदू २२ धरला तर तूट १.६५ येते, म्हणजे एक किलोपास्कलचा दोन-तृतीयांशाहून मोठा भाग गायब. कोरड्या भागात किमान तापमानातून २ ते ३ अंश वजा करावेत असं एफएओ सुचवते. अतिशुष्क जागी तेही कमीच पडतं.

तिसरं, झाडांसाठी चोवीस तासांची सरासरी कशाला? बहुतेक वनस्पतींची छिद्रं रात्री मिटलेली असतात. तासागणिक नोंदी असतील तर उजेडाच्या तासांचीच व्हीपीडी घ्या.

नवशिकी

जंगलाच्या आत किंवा उतारावर सूक्ष्म हवामान मोजायला छोटे तापमान-आर्द्रता लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं) लावायचे असतील तर काय सांभाळायचं?

बाष्पदाब

ऊन. संवेदक उघड्यावर टांगला तर तो हवेचं नाही, स्वतःचंच तापमान मोजतो. एकावर एक तबकड्यांचं पांढरं कवच हवं. त्यातही वारा पडलेल्या भर दुपारी आतली हवा तापते आणि तापमान चढं येतं. तापमान चढं आलं की संपृक्त दाब चढतो, म्हणजे चूक दुप्पट भोवते. कवच जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर, साधारण १.५ ते २ मीटर, सगळ्या जागी एकच उंची. खांबाला चिकटवू नका, आडव्या दांडीवर बाहेर काढा.

आर्द्रतेचा संवेदक काळानुसार सरकतो, धूळ आणि क्षारांनी लवकर. लावण्याआधी सगळे लॉगर एका बंद डब्यात संपृक्त मिठाच्या द्रावणावर ठेवा. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावर २५ अंशांना हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. डब्यात द्रावण पातळ नको, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे, आणि तापमान स्थिर ठेवून किमान एक दिवस द्या. कुठला लॉगर किती सरकलाय ते टिपून ठेवा. हंगाम संपल्यावर पुन्हा तेच करा. दोन तपासण्यांतला फरक नोंदींवर काळानुसार वाटून टाकता येतो.

आणि चूक कुठे झोंबते ते बघा. ४० अंशांना संपृक्त दाब ७.३८. आर्द्रतेत ५ टक्क्यांची चूक म्हणजे ०.३७ किलोपास्कल, पण हवा २० टक्क्यांवर असेल तर तूट ५.९ आहे, त्यातले ६ टक्के गेले. २० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला तूटच ०.२३. तिथे तीच चूक ०.१२, म्हणजे अर्धा आकडा हवेत. दाट ओल्या जंगलात स्वस्त लॉगरवरून व्हीपीडीची बारीक तुलना करू नये.

नकाशेवाला

बाष्पीभवन पात्राबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. क्लास ए पात्र: व्यास १२०.७ सेंमी, खोली २५ सेंमी, लाकडी चौकटीवर १५ सेंमी उचललेलं, खालून हवा खेळती. पाण्याची पातळी काठापासून ५ सेंमी खाली, ७.५ सेंमीपेक्षा खाली जाऊ द्यायची नाही, कारण मग काठाची सावली आणि आडोसा वाढतो. पात्रातलं बाष्पीभवन म्हणजे पीईटी नव्हे. धातूच्या कडांतूनही उष्णता आत येते, म्हणून गुणक लागतो, साधारण ०.७ च्या आसपास. पण हिरव्या शेताच्या मध्ये ठेवलेलं पात्र आणि कोरड्या पडीक जमिनीत ठेवलेलं पात्र यांचे गुणक वेगळे. पशुपक्ष्यांसाठी वर जाळी घातली तर बाष्पीभवन १० टक्क्यांपर्यंत घटतं. जाळी मध्येच केव्हा घातली याची नोंद नसली की आलेखात एक पायरी उतरते आणि तिला हवामानबदलाचं नाव मिळतं.

पर्जन्यमापकही निर्दोष नाही. वारा असला की थेंब तोंडावरून उडून जातात, बर्फाच्या बाबतीत तर फार. पलटी घेणाऱ्या बादलीचा मापक मुसळधार सरीत कमी मोजतो, कारण बादली पलटताना पडणारं पाणी सुटतं. नरसाळ्यात पानं किंवा कोळ्याचं जाळं अडकलं की पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास मंद 'रिमझिम' नोंदली जाते. असा लांब शेपटीचा आलेख दिसला की पाऊस नाही, कचरा समजा.

मृगजळ

आणखी एक निसटणारं पाणी: धुकं. नामिब आणि आटाकामा या वाळवंटांच्या किनाऱ्यावर मापकात जवळजवळ काही पडत नाही, निर्देशांक अतिशुष्क, आणि तरी धुक्यावर जगणारी वनस्पती आहे. तिथे निर्देशांक चुकीचा नाही, अपुरा आहे.

नवशिकी

एसपीईआय हा अवर्षण निर्देशांक वापरला तर चालेल का? त्यातही पाऊस आणि पीईटी दोन्ही आहेत.

कोरडवाहू

जागांची तुलना करायला नाही. शुष्कता हा जागेचा कायमचा स्वभाव, अवर्षण हा त्या जागेच्या नेहमीपेक्षा पडलेला फरक. एसपीआय (नुसत्या पावसावरचा, १९९३) आणि एसपीईआय (२०१०) हे दोन्ही त्या त्या ठिकाणच्या स्वतःच्या इतिहासाशी प्रमाणित केलेले असतात, सरासरी शून्य, विचलन एक. वाळवंटाचा दीर्घकालीन एसपीईआय शून्य आणि वर्षावनाचाही शून्य. एकाच जागेची वर्षं एकमेकांशी ताडायची असतील तर तो उत्तम.

कोपेनच्या हवामान वर्गीकरणातल्या कोरड्या गटाबद्दलही गोंधळ असतो. तिथे पीईटी नाहीच, पण पावसाचा ऋतू आहे. वार्षिक तापमान २५ अंश आणि पावसाचा ७० टक्के किंवा अधिक भाग उन्हाळ्यात असेल तर सीमा २० × २५ + २८० = ७८० मिमी. तेवढाच भाग हिवाळ्यात असेल तर ५०० मिमी. धड ना इकडे ना तिकडे असेल तर ६४०. सीमेखाली कोरडं, सीमेच्या निम्म्याखाली वाळवंट.

पर्णरंध्र

भूमध्यसागरी वनस्पतींवर काम करणारे एंबरजेचा भागाकार वापरतात: २००० × पाऊस ÷ (कमालचा वर्ग − किमानचा वर्ग). कमाल म्हणजे सर्वात उष्ण महिन्याची सरासरी कमाल, किमान म्हणजे सर्वात थंड महिन्याची सरासरी किमान, आणि दोन्ही केल्विनमध्ये. ५०० मिमी, ३६ आणि ५ अंश असतील तर उत्तर ५५ च्या जवळ. सेल्सिअस तसेच घातले तर ७८७. वर्ग असल्यामुळे एककाची चूक सरळ गुणकाने दुरुस्त होत नाही, पुन्हा काढावं लागतं.

मृगजळ

सांख्यिकीत घालण्याआधी तीन सूचना.

निर्देशांकाची दिशा नीट लिहा. बरेच परिस्थितिकीतज्ज्ञ 'शुष्कता' म्हणून १ वजा निर्देशांक वापरतात. २०२० मध्ये गाजलेले, परिसंस्था एकदम बदलतात असे ०.५४, ०.७ आणि ०.८ हे उंबरठे त्या उलट्या मापात आहेत, म्हणजे मूळ निर्देशांकात ०.४६, ०.३० आणि ०.२०. ०.५४ पाहून "निमशुष्क सीमेच्या जवळ, पण ओल्या बाजूला" असं लिहिलं की सगळं उलटं झालं.

निर्देशांक, वार्षिक पाऊस आणि सरासरी तापमान एकाच प्रतिमानात कोंबू नका. पहिला उरलेल्या दोघांपासूनच बनलेला आहे. सहगुणक एकमेकांशी झगडतात आणि चिन्हं उलटतात.

भविष्यातल्या हवामानासाठी पेनमन–माँटिथचं पीईटी जसंच्या तसं वापरू नका. त्यातला ७० चा पृष्ठरोध स्थिर आहे, प्रत्यक्षात हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पानं छिद्रं थोडी मिटून घेतात. त्यामुळे तापमान वाढलं की सूत्र जेवढी तहान दाखवतं तेवढी झाडं पाणी सोडत नाहीत. हवामान प्रतिमानांतलाच अपवाह आणि मुळांजवळचा ओलावा पाहिला तर चित्र बरंच सौम्य निघतं. किमान एकदा निव्वळ प्रारणावर आधारलेलं पीईटी, साधारण निव्वळ प्रारणाच्या ०.८ पट, शेजारी काढून ठेवा. दोन उत्तरांत किती अंतर पडतं ते नकाशासोबतच छापा.

नवशिकी

माझ्याकडे कमाल-किमान तापमान, पाऊस आणि एका केंद्राचीच पूर्ण नोंद आहे. म्हणजे हारग्रीव्ज, त्या केंद्रावर गुणक, मग मासिक जलताळेबंद. बरोबर?

पर्णरंध्र

बरोबर. गुणक महिन्यागणिक वेगळा काढा, वर्षाचा एक नको. ओल्या महिन्यांत हारग्रीव्ज जास्त आणि वाऱ्याच्या कोरड्या महिन्यांत कमी दाखवण्याकडे कलतो, वार्षिक गुणकात हे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. आणि ते केंद्र ओलिताच्या हिरवळीत आहे की उघड्या कोरड्या जमिनीवर, हे आधी पाहून घ्या. कोरड्या जमिनीवरचं असेल तर तिथलं तापमान चढं आणि आर्द्रता उतरती असणार, आणि तुमचा गुणक पहिल्या दिवसापासून फुगलेला असेल.